गिरणीच्या भिंतीलगतची शांत मुलं

आमचं घराणं म्हैसूरच्या रंगाऱ्यांचं. बाजारात गिरणीचं कापड रंगूनच येऊ लागलं तेव्हा सासऱ्यांनी भट्टी विझवली आणि मी गिरणीत सुताच्या बॉबिनी भरायला जाऊ लागले. माझा थोरला तेव्हा सात महिन्यांचा होता. त्याला मोहरीएवढी अफू चाटवायची, भिंतीच्या सावलीत गोणपाटावर निजवायचं आणि आत जायचं. सगळ्याच बायका तसं करायच्या. सासूनं मला सारू, म्हणजे आमचं पातळ सार, करायला शिकवलं, तसंच हेही शिकवलं.

एके दिवशी एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी तिथे आल्या. गिरणीतल्या बायकांना आरोग्य शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. आम्ही त्यांना अम्मावरू, म्हणजे आईसाहेब, म्हणायचो. ओळीनं निजलेली मुलं बघून त्या म्हणाल्या, "किती गुणी मुलं आहेत तुमची. एकही रडत नाही." त्यांनी स्वच्छ हवेवर व्याख्यान दिलं आणि गेल्या.

पुढच्या खेपेला त्या आल्या त्या दुपारी माझ्याबरोबर गिरणीत येणाऱ्या शेजारणीची मुलगी उठलीच नाही. शेजारीण तिला नुसती हलवत राहिली.

"हिला काय झालं?" अम्मावरूंनी विचारलं. मीच म्हणाले, "अफू जास्त झाली."

"कुणी दिली?"

"आम्हीच देतो. सगळ्यांना."

सकाळी मी आणि शेजारणीनं एकाच डबीतून अफू घेतली होती. अम्मावरूंनी माझ्या मुलाकडे बघितलं आणि रेशमी लुगड्यानिशी त्या मातीत बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याभरात त्यांनी गिरणीसमोरची गवत साठवायची एक शेड मिळवली आणि आमची मुलं सांभाळायला पाळणे टांगले. कुणी मूल नेईना. तिथे मुलांना सुया टोचतात, ही बातमी नंजनगूड गावापर्यंत पोचली होती. सासू म्हणाली, "बेडा, नको. परक्याच्या हाती मूल द्यायचं नाही." मी मुलाला शेडमध्ये नेलं; तिचं न ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ.

अफू सुटली तसा मुलगा चार दिवस रडला. तोवर त्याचा आवाज मला नीट ठाऊकच नव्हता. अम्मावरूंना मूल धरता येत नसे. त्या त्याला पोथीसारखं दोन्ही हातांवर आडवं घेऊन फिरायच्या. मधल्या सुट्टीत मी धावत गेले तर दोघंही रडत होती.

"तुम्ही गिरणी सोडा आणि इथे या," त्या म्हणाल्या. "मला नुसतं बोलता येतं."

मी गेले. हळूहळू बाकीच्या बायका मुलं आणू लागल्या. शेजारणीला दुसरी मुलगी झाली, तेव्हा तीही आली. मूल माझ्याकडे देऊन म्हणाली, "रडली तर रडू दे." मग गिरणीचा कामाचा भोंगा होईपर्यंत दारातच उभी राहिली.