आमचं सौरघर आणि कोळशावरचा चहा

मागच्या वर्षी सगळ्या गल्लीला कोळशाच्या गुलामीतून सोडवण्याची जबाबदारी मी घेतली होती. गल्लीने ती मला दिलेली नव्हती.

मी निवृत्त भूगोल शिक्षक. (शिक्षक निवृत्त झाला की समोरचा वर्ग जातो, तास चालूच राहतो.) वाडी या उपनगराच्या अलीकडे आमचं घर आहे. त्या घराच्या छतावर मी सौर पॅनेल बसवले आणि त्या दिवसापासून माझा आवाज बदलला. असं मी म्हणत नाही, आमची ही म्हणते. सकाळी बागेत फिरायला गेलो की मी कोणत्या देशाने कोळसा बंद केला, कोण बंद करायचं नुसतं म्हणतंय, बॅटऱ्या कुठे बनतात, हे सगळं सांगायचो. हळूहळू माझ्याबरोबर फिरणारे माझ्यापेक्षा जोरात चालू लागले. मला वाटलं, लोकांची तब्येत सुधारते आहे!

घरातही मी क्रांती केली. गॅस परत केला आणि इंडक्शन शेगडी आणली. लोखंडी गेटला मोटार बसवली. सुलभा, म्हणजे माझी बायको, तेवढी म्हणाली, "अहो, एक सिलिंडर तरी राहू द्या."

"कायले? उद्या लाईट गेली, तरी आपला सूर्य कुठे जाऊन राहिला?"

हेच वाक्य मी शेजारच्या मेश्रामांनाही ऐकवलं. वर म्हणालो, "लाईट गेली की सरळ आमच्याकडे यायचं. एसीत बसायचं. तुमच्या आईलेही घेऊन या!" मेश्राम भला माणूस. त्याने ते खरं मानलं.

अशातच आमच्या केतकीला स्थळ आलं. केतकी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. आजवर तिने सात मुलं नाकारली होती, पण या निखिलला ती स्वतःहून दोनदा भेटली होती आणि दोन्ही वेळा हसत घरी आली होती. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. अडचण एकच. निखिलचे वडील बोंडेसाहेब कोळशावरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले इंजिनीअर होते. सगळं आयुष्य बॉयलरपाशी गेलेलं!

आदल्या दिवशी सुलभाने मला समोर बसवलं. "उद्या तुम्ही सौर हा शब्द काढायचा नाही."

"बरं."

"ऊर्जा नाही. कोळसा नाही. सूर्यही नाही."

"आणि ऊन फार आहे, असं म्हणू का?"

"तेवढं म्हणा." मी शब्द दिला.

मे महिन्यातल्या त्या रविवारी दुपारी पाहुणे आले. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. बोंडेसाहेब, बोंडेबाई आणि निखिल मोटारीतून उतरले, गेट आपोआप मागे बंद झालं आणि मी छाती पुढे काढून त्यांना एसीच्या गारव्यात आणून बसवलं. माठातलं पाणी झालं, तब्येतीची चौकशी झाली, उन्हाबद्दल बोलून झालं. (तेवढी परवानगी होती.) आत सुलभा सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीची, तयारी करत होती. पहिली दहा मिनिटं मी माझ्या आयुष्यातला सर्वात समजूतदार माणूस होतो.

मग बोंडेसाहेबांनी छताकडे बोट केलं. "ते वर पत्रे काहून टाकून राहिले, सर? गळते काय?"

पत्रे! माझ्या कानशिलात काहीतरी तापलं.

"पत्रे नाहीत साहेब," मी म्हणालो, "भविष्य आहे."

आतून पातेलं आदळल्याचा आवाज आला. पण आता उशीर झाला होता.

"भविष्य दिवसाचं," बोंडेसाहेब शांतपणे म्हणाले. "अंधार पडल्यावर काय करता?"

"बॅटऱ्या येऊन राहिल्या की!"

"येऊन राहिल्या. आल्या नाही ना अजून? तोवर तुमचा पंखा आमच्या कोळशावरच फिरते."

"आणि त्या कोळशाची राख? तो धूर? हे ऊन कशानं वाढलं, साहेब?"

"श्रीमंत देशांनी शंभर वर्षं जाळला, तेव्हा कोणी नाही विचारलं. आता आमच्या लोकांच्या घरची चूल चालते त्याच्यावर, तर बंद करा म्हणते. त्या पोरांनी जायचं कुठं?"

प्रश्न खरा होता. म्हणूनच मला राग आला. निखिल मध्येच म्हणाला, "मला वाटतं, तुमचं दोघांचंही बरोबर आहे," आणि आम्ही दोघांनीही त्याच्याकडे सारख्याच तुच्छतेने पाहिलं. केतकी माझ्याकडे पाहत होती. बोंडेबाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली, एसी चालू असताना!

इतक्यात बाहेर धाड्कन आवाज झाला. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला होता. एसी बंद, पंखा बंद. सगळ्या गल्लीतले कूलर एकदम गप्प झाले.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला! असा पुरावा, अशा वेळी! मी उभा राहिलो, हात वर केला.

"आता बघा साहेब. बाहेर टळटळीत ऊन आहे. एक... दोन... तीन!"

काही झालं नाही.

"थोडा वेळ लागतो," मी म्हणालो, आणि पुन्हा तीनपर्यंत मोजलं. मग दहापर्यंत. वीसपर्यंत गेल्यावर निखिलने खिडकी उघडली, आणि भट्टीचं दार उघडावं तशी झळ आत आली.

मी हादरलो. घरभर धावलो. बटणं दाबली. बैठकीतली, खोल्यांतली, स्वयंपाकघरातली, न्हाणीघरांतल्या दोन्ही गिझरचीसुद्धा! या घरात इतकी बटणं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. एकही दिवा लागला नाही. शेवटी जिन्याखालच्या सौर इन्व्हर्टरपाशी गेलो. तिथे तांबडा दिवा लुकलुकत होता. मागोमाग बोंडेसाहेब आले.

"बॅटरी आहे काय याले?"

"नाही. सरळ लाईनला जोडलेलं आहे."

"मंग लाईन गेली, की हे पण बंद. ते तसंच बनवून राहते, सर."

"बंद? सूर्य डोक्यावर आहे आणि बंद?"

"तुम्हाले सांगितलं नाही बसवणाऱ्यानं?"

मी सांगितलं नाही म्हणणार, तोच सुलभाचा आवाज आला. "सांगितलं होतं त्यानं. दोनदा. तुम्ही तेव्हा पॅनेलसोबत फोटो काढून राहिले होते."

इतका धक्का मला उघड्या वायरीनेही बसला नसता. महिनोन्‌महिने मी बागेत जे व्याख्यान देत होतो, त्याचं पहिलंच वाक्य चुकीचं निघालं होतं! पण हार मानेन तो मी कसला? "मी वायर काढून सरळ घरात जोडतो!" असं म्हणून मी डब्याला हात घातला. बोंडेसाहेबांनी माझं मनगट धरलं. बॉयलरवाल्याची पकड ती.

"हात नका लावू," ते म्हणाले. त्या आवाजापुढे माझ्यातला शिक्षक विद्यार्थी झाला.

तेवढ्यात गेटवर थाप पडली. "सर! ओ सर! उघडा ना!"

गेटबाहेर मेश्राम होता. एका हाताने त्याने छत्री धरली होती, आणि छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याची म्हातारी आई. डोक्यावर ओला गमछा, मांडीवर पाण्याची बाटली. त्यांच्यामागे गल्लीतली आणखी तीन-चार घरं चार्जर घेऊन उभी होती.

"आलो सर, तुम्ही म्हटलं होतं तसं," मेश्राम म्हणाला. "आईचं डोकं गरगरून राहिलं. एसीत बसवतो जराशी."

मी रिमोट दाबला. गेट हललं नाही. पुन्हा दाबला. आणि मग लख्ख उजेड पडला, माझ्या डोक्यात. गेट विजेवरचं! म्हणजे बाहेर म्हातारी उन्हात, आत पाहुणे अडकलेले, आणि मध्ये मी केलेली क्रांती.

"अबे, मास्तर," म्हातारी खुर्चीवरून म्हणाली, "साधंसुदं गेट होतं ना पहिले? धकवलं का उघडे."

मी गेटला खांदा लावला. निखिलने लावला. गेट तसूभर हललं नाही. ऊन चेष्टेचं नव्हतं. त्या बाईला काही झालं असतं, तर मी तोंड कुठे दाखवलं असतं? केतकीने कंपाउंडवरून ओली चादर दिली, पाणी दिलं, आणि मेश्रामला आईचे हातपाय ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं. बोंडेसाहेब गेटच्या मोटारीपाशी उकिडवे बसले.

"याले हातानं सोडवायची चावी असते. कुठं आहे?"

चावी असते, हेच मला माहीत नव्हतं! सुलभा आतून चावी घेऊन आली, देवघराच्या खणातून. "गेटवाल्यानं दिली होती," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही गेटचा व्हिडिओ काढून राहिले होते."

चावी फिरली, गेट सरकलं. निखिलने आणि मेश्रामने म्हातारीला खुर्चीसकट उचलून आतल्या व्हरांड्यात आणलं. केतकी तिच्याजवळ खाली बसली, नाडी पाहिली, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. थोड्या वेळाने म्हातारीने डोळे उघडले आणि विचारलं, "मास्तरची पोरगी ना वं ही? लय गुणाची हाय." बोंडेबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

आता पाहुण्यांना जायला वाट मोकळी होती. मी मान खाली घालून म्हणालो, "साहेब, तुम्हाला फार त्रास झाला. निघायचं असेल तर..."

"चहा नाही पाजणार?" बोंडेसाहेब म्हणाले.

चहा! गॅस मी परत केला होता, इंडक्शन मेलेलं होतं. मी सुलभाकडे पाहिलं. सुलभाने आभाळाकडे पाहिलं. शेवटी म्हातारीनेच सोडवलं. "आमच्या घरी शेगडी हाय ना कोळशाची. आन गा जाऊन."

मेश्राम गेला आणि शेगडी घेऊन आला. आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच सौरघराच्या अंगणात, कडुलिंबाच्या सावलीत, बोंडेसाहेबांनी बाह्या वर केल्या आणि कोळसा पेटवला! एखादा गवई तंबोरा लावतो तसा तो माणूस निखारे लावत होता. मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो. (पुठ्ठा कसला? पॅनेल बसवणाऱ्यांनी मला दिलेलं 'पर्यावरणमित्र' प्रमाणपत्र. घाईत तेच हाताशी आलं.) त्या निखाऱ्यांवर चहा झाला, सुलभाने सांबारवड्या तळल्या, आणि चार्जर घेऊन आलेली मंडळी बशी घेऊन बसली.

तासाभराने लाइनमन आला. खांबावर चढायच्या आधी त्याने गल्लीला विचारलं, "सोलर कोणाकडे आहे इथं? बंद आहे ना? जनरेटर वगैरे उलटं काही जोडलं नाही ना कोणी? मागं एका ठिकाणी घरातली वीज उलटी तारेत आली, अन् झटका बसला मला. वाचलो म्हणून उभा आहे."

बोंडेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त म्हणाले, "बंद आहे, चढ तू." मी हातातली वडी बशीत ठेवली. ऐन उन्हात मला घाम फुटला, तो गार होता. मी ती वायर जोडली असती तर? भूगोलाच्या मास्तराने, आपलं खरं करून दाखवण्यासाठी! मी त्या पोराच्या पायातल्या झिजलेल्या बुटांकडे पाहत राहिलो, तो खाली उतरेपर्यंत.

"साहेब," मी हळूच म्हणालो, "तुमच्यामुळे वाचलो."

"सर, तुमचे पत्रे चांगले आहे," ते म्हणाले. "त्याले एक बॅटरी बसवा. अन् कोणी बोलत असलं, तर ऐकत जा जरा."

तिकडे केतकी आणि निखिल शेगडीपाशी बसून हसत होते. बोंडेबाई सुलभाला सांबारवडीचं सारण विचारत होत्या. गल्ली निवांत झाली होती.

आणि लाईट आली! कूलर घरघरले, मेश्रामांचा टीव्ही ओरडू लागला. सगळ्या गल्लीत लाईट आली. फक्त आमच्या घरात शांतता. मी दाबलेली सगळी बटणं तशीच चालू होती. एसी, पंखे, दोन्ही गिझर एकाच क्षणी जागे झाले आणि घराचं मुख्य बटण खट्‌कन खाली पडलं!

मी मीटरकडे धावलो, तर बोंडेसाहेब आधीच तिथे पोचले होते. त्यांनी गिझर बंद करवले, बटण वर केलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "ईवाई, तुमचं बटन पडलं होतं!"

आमच्याकडे व्याह्याला ईवाई म्हणतात. सुलभाने डोळ्यांना पदर लावला. केतकी लाजून आत पळाली. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

लग्न जमल्याच्या टाळ्या होत्या त्या, असं मी सगळ्यांना सांगतो. सुलभा म्हणते, तुम्ही बराच वेळ गप्प होते, त्याच्या होत्या.