हॉर्नकाका

ईस्ट टामाकीच्या कारखान्यात मला वरिष्ठ असलेले हे नागपूरचे गृहस्थ वळण दिसलं की हॉर्न वाजवत, म्हणून आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव हॉर्नकाका पडलं. न्यूझीलंडमध्ये उगाच हॉर्न देणं म्हणजे जवळजवळ शिवीच. काकांना त्याचं काही नव्हतं. ‘समोर कुणीतरी असेल,’ एवढंच ते म्हणत.

देशातून नवं कुटुंब आलं की काका त्यांना हमखास इथल्या कोरोमंडलच्या किनाऱ्यावर फिरवून आणत. सोन्याच्या खाणींच्या काळातला तो जुना रस्ता समुद्राला चिकटून नुसता वळत जातो. काका दर वळणाला पों करत आणि इथंच जन्मलेली त्यांची प्रज्ञा मागच्या सीटवर तोंड लपवून म्हणे, ‘बाबा, प्लीज. सो एम्बॅरसिंग.’ मग पुढच्या वळणाला काका जरा जास्तच दाबत.

आम्ही नवीन आलो तेव्हा आम्हालाही त्यांनी नेलं. एका वळणावर नेहमीसारखा लांबलचक हॉर्न दिला आणि वळण घेऊन बघतो तर समोर माओरी लोकांची अंत्ययात्रा. शवपेटी खांद्यावर घेऊन माणसं रस्त्यापलीकडच्या दफनभूमीकडे निघाली होती. त्यांचं गाणं थांबलं. काका गाडीतून उतरले आणि हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. शेवटून चाललेली एक म्हातारी त्यांना म्हणाली, ‘ऑल गुड, डियर.’ ती रागावली असती तर परवडलं असतं. आम्हा सगळ्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘आपल्याकडे मयत दिसली तर माणूस चप्पल काढून उभा राहते, अन् मी हॉर्न मारला,’ परतताना काका एवढंच बोलले. त्यानंतर त्यांनी तो रस्ताच सोडला. पाहुण्यांना हॅमिल्टनच्या बागा दाखवू लागले. हॉर्नकाका म्हटलं की त्यांची मान खाली जायची, म्हणून आम्हीही ते नाव टाकलं.

निवृत्त होऊन कायमचे नागपूरला जाण्याआधी ते प्रज्ञाला म्हणाले, ‘एकदा तिथे ने.’ मीही सोबत गेलो. दफनभूमीच्या फाटकाबाहेर काका जोडे काढून बराच वेळ उभे राहिले. आत गेले नाहीत. निघताना तिथल्या रीतीप्रमाणे फाटकाजवळच्या नळावर हात धुतले. ‘आपल्यातही धुतातच,’ म्हणाले आणि गाडीत बसले.

पुढचं वळण आलं. बापाला बरं वाटावं म्हणून प्रज्ञानं आपणहून हॉर्नकडे हात नेला. काकांनी तिच्या हातावर हात ठेवला.

‘नको गं,’ ते म्हणाले. ‘समोर कुणीतरी असेल.’