पहिला झोका वरवंट्याला

तीस वर्षं मी वेल्डिंग केलं, पण पाळण्याच्या स्टँडपायी झाली तेवढी फजिती कुठल्याच कामात झाली नाही. नाशिकच्या अंबडमध्ये ज्या कारखान्यात मी होतो तिथं मोठाल्या टाक्या व्हायच्या. बोटभर जाडीची प्लेट. करंट चढा ठेवायचा, रॉड टेकवायचा आणि सरळ ओढत न्यायचा, प्लेट काही म्हणायची नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी माझ्या हाताचं कौतुक केलं होतं. ते मी घरी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी सुरुवात केली की पुढचं वाक्य बायकोच म्हणून टाकायची.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे नाशिक रोडला आली होती. दिवस भरायला सहा आठवडे बाकी असतानाच नात झाली. वजन दीड किलोसुद्धा नाही. तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. मी आणि बायको दिवसातून एकदा खिडकीतून बघायचो. मुलीला तिला हात लावता यायचा, तोही पेटीच्या भोकातून, दोन बोटांनी. बाराव्या दिवशी बारसं करायचं, तर त्या दिवशीही ती पेटीतच होती.

काळजी वाटली की मी चिडतो. हा माझा जुना दोष आहे. त्या दिवसांत मी रिक्षावाल्यावर चिडलो, दवाखान्याच्या वॉचमनवर चिडलो, वरणात मीठ कमी पडलं म्हणून बायकोवर चिडलो. शेवटी तीच म्हणाली, "अहो, हातानं काहीतरी करा. म्हणजे तोंडाला तरी सुट्टी मिळेल."

तेव्हा मला पाळणा आठवला. मुलगी ज्यात वाढली तो लाकडी पाळणा माळ्यावर होता. तेव्हाच्या भाड्याच्या घरात तो टांगायला छताला कडी होती. आताच्या फ्लॅटमध्ये पंख्याचा हूक सोडला तर काही नाही. म्हणजे स्टँड हवा.

"बाजारात तयार मिळतात," बायको म्हणाली.

"बघितलेत मी बाजारातले," मी म्हणालो. बघितले नव्हते.

तिनं दोनच अटी घातल्या. बाळ घरी येईपर्यंत स्टँड घरात आणायचा नाही, आणि रिकामा पाळणा हलवायचा नाही. रिकामा पाळणा हलवू नये हे मीही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मान डोलावली आणि पाइप आणायला गेलो.

पाइप घेतला एक इंची जीआय. जस्ताचा मुलामा असतो, दुपटी वाळत घातली तरी गंजणार नाही. हलकाही हवा होता, म्हणजे मुलगी पुढं सासरी पुण्याला घेऊन जाईल. पण हलका म्हणजे भिंत पातळ, जेमतेम दीड मिलिमीटर. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. वाघ मारणाऱ्यानं उंदराला काय भ्यायचं, असा माझा तोरा.

देवळालीगावाच्या रस्त्यावर एका बाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्या मूळच्या हरसूलच्या, आयटीआय शिकलेल्या, वयानं माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. खिडक्यांच्या जाळ्या, रोपवाटिकेचे सांगाडे, असली पातळ पाइपची कामं दिवसभर करतात. त्यांना म्हटलं, "ताई, मशीन तुमचं, पाइप माझा, काम मीच करणार."

"बारीक पाइप कधी जोडलाय का, काका?"

"अहो, मी बारा मिलिमीटरच्या प्लेटा शिवल्यात."

त्यांनी मशीन माझ्याकडे सरकवलं. मी रॉड टेकवला, सवयीनं ओढला आणि काच वर करून बघितलं तर पाइपला करंगळी जाईल एवढं भोक. कडेला जस्ताचा पांढरा कापूस चिकटलेला. दुसरा तुकडा घेतला, दुसरं भोक. तिसऱ्याला तर पाइपचं टोकच वितळून खाली पडलं.

"काका, हात लय जड हाय तुमचा," बाई म्हणाल्या. "आधी जस्त घासून काढा. इंचभर ह्या अंगाला, इंचभर त्या अंगाला. त्यो धूर पोटात गेला तर सांजच्याला थंडी भरंल."

"आम्ही कारखान्यात गूळ खायचो त्यावर."

"गूळ खावा की. पन आधी घासा."

राग आला होता, पण नात काचेच्या पेटीत होती आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं. मी घासलं. बाईंनी जाड रॉड काढून घेऊन बारीक दिला आणि करंट जवळजवळ निम्म्यावर आणला. दोन पाइपांमध्ये फट दिसली की मला परत कापायला लावायच्या, कारण फटीतूनच पाइप जळत जातो म्हणे. आणि ओढायचं नाही, थेंब ठेवायचा. "टेका, उचला. लाल हाय तवर हात लावू नका. लाली गेली की शेजारी दुसरा थेंब." मी मनात म्हणायचो, असं टिपा मोजत काम करायचं तर शिवणकामाचा क्लास लावला असता. पण चार दिवसांत माझी भोकं थांबली. दवाखान्यात जाऊन यायचं, खिडकीतून बघायचं आणि दुकानात येऊन थेंब ठेवायचे. नातीचं वजन दर दोन-तीन दिवसांनी पन्नास-शंभर ग्रॅमनं वाढत होतं. बरं वाटायला लागलं होतं.

शेवटचा जोड राहिला होता. स्टँडला दोन्हीकडे तिरक्या पायांच्या दोन घोड्या आणि वरून आडवी नळी, जिच्यावर पाळणा टांगायचा. नळीचं एक टोक घोडीला जोडून बंद झालं होतं, दुसरं बंद करत आणलं आणि अगदी शेवटच्या थेंबाला फुस्स करून वितळलेलं लोखंड बाहेर उडालं. भोक. परत भरलं, परत फुस्स. तीनदा तसंच. बाई एक दरवाजा पोचवायला गेल्या होत्या. त्यांना काय सांगू, की शेवटच्या थेंबाला अजून जमत नाही? मी काय केलं, जुन्या रॉडचा तुकडा त्या भोकात कोंबला, वरून फासलं, ग्रायंडर मारला आणि चंदेरी रंग दिला. कारखान्यात कुणी असं केलेलं मला दिसलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं.

बाई आल्या. दोन्ही हातांनी नळीला लोंबकळून बघितलं. नळी हलली नाही. "शिकलात काका," म्हणाल्या. त्यांनी चांगलं म्हटलं आणि मला मान वर करवेना.

चोविसाव्या दिवशी नात घरी आली. डॉक्टरांनी आठवडाभरानं बारसं करायला हरकत नाही म्हटलं, फक्त गर्दी नको. स्टँड घरी आला, पाळणा टांगला. सगळे खूश आणि मी त्या एका जोडाकडे बघत बसलेला. माणूस लोंबकळला तर वजन सरळ खाली येतं. पाळणा हलतो. इकडे ओढ, तिकडे ओढ, दिवसातून हजार वेळा. कोंबलेला तुकडा अशानंच सुटतो, हे मला पक्कं माहीत होतं. बारशाला तीन दिवस होते. मी पाळण्यात तांदळाची पिशवी ठेवून हलवायला गेलो तर बायकोनं माझा हात धरला.

"रिकामा हलवायचा नाही."

"रिकामा कुठंय? तांदूळ आहेत."

"बाळ नाही ना त्यात? मग रिकामाच."

"अगं, कुठल्या काळात राहतेस तू?" माझा आवाज चढला. आतल्या खोलीत मुलगी बाळाला घेऊन बसली होती.

"चोवीस दिवस मी कुठल्या काळात होते ते मला विचारा," बायको म्हणाली. ओरडली नाही. मी पिशवी बाहेर काढली. मला भीती वाटत होती, तिला भीती वाटत होती, आणि आम्ही भांडत होतो तांदळावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळणा उतरवला आणि स्टँड रिक्षात आडवा घालून दुकानात नेला. बाईंना म्हणालो, "शेवटच्या जोडात मी लबाडी केलीय."

त्यांनी हातोडीनं त्या जागी टकटक केलं. आवाज बद्द आला. "काय कोंबलंय ह्याच्यात?" मी सांगितलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी ग्रायंडर माझ्या हातात दिला. जोड कापला तसा रॉडचा तुकडा टणकन फरशीवर पडला. कुठं चिकटलेलाच नव्हता. माझी नात त्याच्या भरवशावर झोपणार होती. मी तो तुकडा उचलला आणि हातात धरून बघत राहिलो. बाईंनी मला स्टूल दिलं, पाणी दिलं.

मग म्हणाल्या, "काका, नळी दोन्हीकडनं बंद केली की आत वारा कोंडतो. तापला की त्यो जाणार कुठं? शेवटच्या थेंबातनं भाईर येतो. एक बारकं भोक पाडायचं आधी." आणि त्यांनी नळीच्या खालच्या अंगाला ड्रिलनं आगकाडीच्या गुलाएवढं भोक पाडलं.

एवढंच होतं! माझा हात चुकतच नव्हता. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी जागा घासली, नळी नीट बसवली आणि थेंब ठेवत गेलो. टेकायचं, उचलायचं, लाली जायची वाट बघायची. शेवटचा थेंब शांतपणे बसला. बाईंनी टकटक केलं, आवाज खणखणीत आला. मला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना रिक्षावाल्याशी मी चक्क गोड बोललो.

बायकोनं काही विचारलं नाही. मीच तिला भोकाची गोष्ट सांगितली, तुकड्याची नाही. ती म्हणाली, "तुमच्या आईनं तुम्हालाही असं एक भोक पाडून ठेवायला हवं होतं."

बारशाला शेजारच्या चार-पाच बायका, जावई आणि आम्ही. आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. वरवंटा म्हणजे बाळाचा थोरला भाऊ, त्याच्यासारखं दणकट हो म्हणून. मिक्सर आल्यापासून आमचा वरवंटा कपाटातच असतो. बायकोनं त्याला धुऊन, कुंची घालून, काजळाचा ठिपका लावून पाळण्यात ठेवला. बायकांनी दोन झोके दिले आणि थांबल्या.

"अजून हलवा," मी म्हणालो. "जरा जोरात."

सगळ्या हसल्या. आजोबांना वरवंट्याचाच लळा लागला म्हणाल्या. बायको मात्र हसली नाही. माझ्याकडे बघितलं, आडव्या नळीच्या टोकाकडे बघितलं, आणि स्वयंपाकघरात गेली. आली ती लोखंडी खलबत्ता घेऊन.

"एकट्याला करमत नाही त्याला," ती बायकांना म्हणाली, आणि खलबत्ता वरवंट्याशेजारी ठेवून तिनं स्वतः पाळणा हलवायला घेतला. दहा-बारा किलो तरी असेल दोघांचं मिळून. पदर खोचून ती झोके देत होती, चांगले लांब लांब. मी नळीला कान देऊन उभा. कडीचा बारीक आवाज येत होता, जोडाचा काही नाही. बऱ्याच वेळानं ती थांबली. "झालं?" एवढंच विचारलं. मी मान हलवली.

मग मुलीनं बाळाला पाळण्यात ठेवलं. पण हात खालून काढेना. दवाखान्यात चोवीस दिवस ज्या बाळाला दोन बोटं लावायला मिळाली, त्याला घरी आल्यापासून तिनं खाली ठेवलंच नव्हतं. झोपायची तेही कुशीत घेऊन. बायका थांबल्या होत्या. ती पाळण्यावर तशीच ओणवी, दोन्ही तळवे बाळाखाली, आणि माझ्याकडे बघत होती.

"बाबा, सोडू?"

"सोड," मी म्हणालो.

तिनं हात काढून घेतले, पाळणा आपल्याआपण थोडा हलला, आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो.