अदलाबदलीचं घर

बँकेनं आमच्या दारावर नोटीस चिकटवली, थकलेलं कर्ज भरा, नाहीतर घर ताब्यात घेऊ. आम्ही कधी कर्ज काढलंच नव्हतं. ते शेजारच्या काकांचं होतं.

वडील आणि काका जालन्याच्या एमआयडीसीत एकाच रोलिंग मिलमध्ये कामाला होते. दोघांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले. आमच्या प्लॉटवर दार दक्षिणेलाच काढावं लागत होतं, आणि आई अडून बसली. काकांचा प्लॉट कोपऱ्याचा. ते म्हणाले, "मंग माझा घ्या ना वहिनी. मला दक्षिण चालती." झालं, प्लॉट बदलले, घरं उभी राहिली. रजिस्ट्री कुणी केली नाही. आमच्याकडं भावाभावांच्या वाटण्या तोंडी होतात, तिथं दोस्ताकडं कागद मागायचा म्हणजे त्याच्या इमानावर शंका घ्यायची. त्यामुळे कागदावर आमचं घर काकांच्या जागेत आणि काकांचं आमच्या जागेत राहिलं.

वडील गेल्यानंतर काकांनी वेल्डिंगच्या दुकानासाठी कर्ज काढलं. त्यांच्या मनात खोट नव्हती. गहाण ठेवतोय ते आपलंच घर, एवढंच त्यांना ठाऊक. बँकेच्या माणसाला त्यांनी स्वतःचं घर दाखवलं, त्यानं त्याचेच फोटो काढले आणि चहा पिऊन गेला. जागा नकाशाशी ताडून बघणं हे बँकेचं काम होतं. ते तेव्हा कुणाला सुचलं नाही. दुकान बुडालं, हप्ते थकले, तेव्हा मात्र बँकेचे लोक नकाशा घेऊन बरोबर आमच्या दारात आले.

काका धावत आले. "साहेब, हे न्हाई, माझं घर ते! तिकडं लावा ना नोटीस!" आपल्याच घरावर नोटीस मागणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

कर्जदारानं हरकत घेतली तर बँकेला कारणं देऊन उत्तर द्यावं लागतं, असा कायदा आहे. हरकत मी लिहिली, सही काकांनी केली. उत्तर वेळेत आलं. गहाण फोटोवर नाही, प्लॉटच्या नंबरवर आहे. वकिलानंही मान हलवली, नोंदणी नसलेली अदलाबदल टिकायची नाही म्हणाला. मला इतका संताप आला! वरातीमागून घोडं आणायचं आणि वर ते नियमानं आणलं म्हणून मिरवायचं.

त्यानंतर घरात आमचं मन लागेना. आईनं भिंतीत खिळा ठोकणं सोडलं. दारचा कढीपत्ता तोडताना ती इकडंतिकडं बघायची. कडी वाजली की आम्ही दोघी टीव्ही बंद करून चोरासारख्या गप्प बसायचो.

ताबा घ्यायला यायच्या आदल्या दिवशी काका चावी घेऊन आले. "वहिनी, कागदानं माझं घर तुमचंच हाये. मी लेकीकडं बदनापूरला चाल्लो."

"भावजी, तुम्हाला काढून मी तिथं राहू?" आई म्हणाली. "मला न्हाई जमायचं."

"मंग काय माझ्यापायी रस्त्यावर राहाल?" चावी ओट्यावर ठेवून ते गेले. ते पुन्हा या गल्लीत आले नाहीत.

आमचं घर लिलावात गेलं. आता तिथं दुसरं कुटुंब राहतं, भलं आहे बिचारं. आम्ही काकांच्या घरात. काकांची खुर्ची आहे तिथंच आहे, आई तिच्यावर बसत नाही. वडिलांचा फोटो अजून कापडात गुंडाळलेला आहे. मी लावू म्हटलं की ती म्हणते, "राहू दे, दुसऱ्याच्या भिंतीला भोक नको."

संध्याकाळी पलीकडं आमच्या जुन्या स्वयंपाकघरात दिवा लागतो, कुकरची शिट्टी होते. आई पदर सारखा करते आणि मला म्हणते, "चल गं, उठ आता. किती येळ बसायचं लोकाच्या घरात?"

मी उठते. दोघी दारापर्यंत जातो आणि तिथंच उभ्या राहतो.