दुर्बिणीच्या कड्यावरचं अंतर

ती घटना अजून मनातून जात नाही. वडील नोकरीसाठी जर्मनीत र्युसेल्सहाइमला आले, मी इथेच वाढलो आणि इथल्याच पोलीस खात्यातून निवृत्त झालो. दोन हजार दहानंतरची, माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांतली ही केस.

नोव्हेंबरात रानडुकरांची शिकार होती. हाका घालून डुकरं शिकाऱ्यांकडे पिटाळणारा एक निवृत्त फोरमन गोळी लागून जागीच गेला. गोळी झाडणारा पुण्याचा इंजिनिअर. त्याला शिकारीची गोडी लावणारा, नेम धरायला शिकवणारा हाच फोरमन.

झुडूप हललं, काळं काहीतरी निसटताना दिसलं आणि क्षणात चाप ओढला, असा इंजिनिअरचा जबाब होता. तो पटण्यासारखा होता. डुकराने फाडलेल्या शिकारी कुत्र्याला फोरमनने, माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालायचं स्वतःचं नारिंगी जाकीट गुंडाळलं होतं आणि तो त्याच्यावर ओणवा झाला होता. पंचनाम्यात तसंच नोंदवलं.

मग शेजारच्या मचाणावरच्या शिकाऱ्याचा फोन आला. इंजिनिअर बराच वेळ रायफल खांद्याला लावून तिच्यावरच्या दुर्बिणीशी काहीतरी करत होता, असं त्याचं म्हणणं.

मी मुद्देमालातली रायफल पुन्हा मागवली. दुर्बीण कमी ताकदीची होती, पण तिच्यात अंतर मोजायची सोय होती. कडं फिरवून सावज दोन रेघांच्या मध्ये बसवायचं, की कड्यावर अंतर वाचता येतं. हाक्यात डुक्कर जवळून धावतं, तेव्हा कडं सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवतात. हे कडं बरंच पुढे फिरवलेलं होतं आणि त्यावरचं अंतर मृतदेहापर्यंतच्या अंतराशी जुळत होतं.

चौकशीला तो वकिलाबरोबर आला. दाराशी त्याची बायको त्याला हळूच म्हणाली, "अहो, जे झालं तेच सांगा."

कड्याचा फोटो समोर ठेवल्यावर त्याने तो जवळ ओढला. मग मराठीत बोलू लागला.

"साहेब, दुर्बीण नवीन होती. ते रेघांत नीट बसेपर्यंत मी कडं फिरवत राहिलो. बसलं, अंतर कळलं, बरं वाटलं. ते काय आहे, हे मी पाहिलंच नाही."

खोटं का बोललास, असं विचारलं. क्षणात घडलं म्हटलं तर लोकांना समजेल, असं त्याला वाटलं होतं. दुभाष्यासमोर जबाब पुन्हा नोंदवला. निष्काळजीपणाचा गुन्हा शाबीत झाला, परवाना गेला.

फोरमनच्या बायकोने कोर्टाबाहेर मला गाठलं. तो इतका वेळ बघत होता, तर माझा माणूस त्याला ओळखू कसा आला नाही, असं तिने विचारलं.

त्याआधी मी प्रत्येक साक्षीदाराला विचारायचो, किती वेळ पाहिलंत? नंतर विचारू लागलो, तेव्हा तुम्ही काय शोधत होतात?