कॅसेटच्या पाठीवरची चिकटपट्टी

अकोल्याच्या मित्रानं माझ्या दादाचा आवाज पुसला, असा माझा आठ महिने पक्का समज होता. समज कसला, खात्रीच. संशय घ्यायची मला लहानपणापासून खोड. बायको म्हणते, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाता. खातो. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आम्ही तिघं. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला. दुसरे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, माझ्यासारखेच अमरावतीचे. त्यांना आम्ही सर म्हणतो. आणि तिसरा हा अकोलेकर, अब्बांनी सुरू केलेलं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान अजून उघडून बसणारा. तिघांनाही वेड एकच, जुनं इंग्रजी रॉक. महिन्यातून एका रविवारी सकाळी जमायचं, एकदा सरांच्या घरी, एकदा अकोल्यात दुकानात. गाणी लावायची आणि गाणी सोडून बाकी सगळ्यावर बोलायचं. पोरांनी पुण्यात घेतलेले फ्लॅट, कूलरची खस, कोचिंग क्लासच्या बोर्डावर यंदा कोणाच्या पोरीचा फोटो लागला. एकदा सरांनी शेजारच्या लग्नातल्या डीजेवर अर्धा तास तोंडसुख घेतलं, खिडक्या हादरतात म्हणे. अकोलेकर शांतपणे म्हणाला, "सर, आपले गिटारवाले काय भजन म्हणत होते का?" सरांनी आणखी एक गिला वडा वाढून घेतला.

माझ्याकडे नव्वद मिनिटांची एक कॅसेट होती. दादानं नागपूरच्या होस्टेलातून कोणाकडून तरी भरून आणलेली. दुसऱ्या बाजूची गाणी संपल्यावर चारेक मिनिटांची टेप उरली, तिच्यात दादा माझ्याशी बोलला होता. मला तो लायन्या म्हणायचा, म्हणजे लहान्या. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचे फोटो ढीगभर आहेत, आवाज तेवढाच. घरातला टेप कधीच भंगारात गेला, त्यामुळे ऐकणं होत नव्हतं, पण कपाटात आहे एवढं मला पुरत होतं. ती कॅसेट मी अकोलेकराच्या हातात दिली, शेवटी दादाचं बोलणं आहे, सगळं पेनड्राइव्हवर घेऊन दे म्हणून.

महिन्यानं पेनड्राइव्ह आला. गाणी सगळी होती, खरखरीसकट. शेवटचं गाणं संपलं आणि खटकन बंद.

"शेवटी बोलणं होतं त्याच्यात," मी म्हणालो.

"नाई भाऊ. शेवटी काई नव्हतं."

हे सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. कपातल्या चहाकडे पाहिलं. मी ते टिपून ठेवलं.

घरी येऊन कॅसेट उलटीपालटी करून तपासली. ज्यांनी कॅसेटी वापरल्यात त्यांना ठाऊक असेल, पाठीवर दोन टोकांना प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात. ते तोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. कोणाला करायचंच असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावावी लागते. दादानं दोन्ही तुकडे तोडले होते, माझ्यादेखत. आणि आता दुसऱ्या बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी होती. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. रेकॉर्डिंगचं मशीन कोणाकडे? त्याच्याकडे. महिनाभर कॅसेट कोणाकडे? त्याच्याकडेच. अजून काय पाहिजे?

तिथून पुढं मी त्याच्या शब्दाशब्दाला कान लावून बसायला लागलो. बोलता बोलता म्हणाला, नात दुकानात येते आणि दिसेल ते बटण दाबते. म्हटलं, सापडलं. त्याच्या घरून लिंबाचं लोणचं आलं. म्हटलं, चोराच्या मनात चांदणं, त्याशिवाय कोण कोणाला एवढी मोठी बरणी देतं? वास घेऊनच खाल्लं, चांगलं होतं, त्याचा अजूनच राग आला. सर म्हणायचे, "एकदा सरळ विचारून टाका ना." मी कशाला विचारू? मी टोमणे मारत राहिलो. एका रविवारी मात्र तोंडावर बोललो, काही लोकांच्या हाती वस्तू देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

त्यानं गाण्याचा आवाज कमी केला. म्हणाला, "चुकलं माह्यं भाऊ. माफ कर."

झालं, कबुलीच मिळाली. पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्यानंतर मी गुडघ्यांचं निमित्त काढलं आणि अकोल्याला जाणंच सोडलं. तो अमरावतीला आला तरी मी सरांच्या घरी फिरकत नसे.

मग सरांनी अचलपूरच्या मेव्हण्याकडून एक जुना टेप आणला, चालू हालतीतला. म्हणाले, "तुमची कॅसेट आणा, एकदा लावून पाहू." मी लगेच निघालो. मला पुरावा पाहिजे होता. त्याच्या नातीचा आवाज सरांना ऐकवायचा होता.

दुपारी दोघंच बसलो. शेवटचं गाणं संपलं, थोडी खरखर झाली, खटका वाजला आणि एक कोवळा, चिरका आवाज आला, "गुड मॉर्निंग सर. मायसेल्फ..."

तो मी होतो. नोकरीच्या मुलाखतीची तालीम. आपलं इंग्रजी कसं ऐकू येतं ते पाहायला मी माझी ओळख तीनदा म्हटली होती, आणि तिन्ही वेळा 'माय हॉबी'पाशी अडखळलो होतो. चार मिनिटं पुरती भरली आणि टेप संपली. सर पंख्याकडे पाहत राहिले.

मग सगळं आठवलं. घरात दुसरी कॅसेट नव्हती. चिकटपट्टी मीच लावली होती. दादा तेव्हा धडधाकट, दर शनिवारी घरी येऊन डोकं खाणारा. त्याचा आवाज कधी कमी पडेल, असं कोणाला वाटतं? आणि ती पट्टी जुनी, पिवळी पडलेली, कडांना धुळीनं काळी झालेली. प्रसादाचा वास घेणाऱ्या या शहाण्याला आठ महिन्यांत ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं अकोल्याला गेलो. तो एक रेडिओ उघडून बसला होता.

"तुले माहीत होतं," मी म्हणालो.

"हो. म्हनून तं शेवटचं तेवढं पेनड्राइव्हवर घेतलं नाई."

"मंग माफी काहून मागितली?"

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "तू माह्यावर चिडून राहिला होता तं बरा होता. मले शिव्या देऊन घरी जाऊन जेवत तं होता. सोताच्याच आवाजावर चिडला असता, तं कोनाले शिव्या दिल्या असत्या?"

मी दुकानातच रडलो. सरळ सांगतो, गिऱ्हाईक उभं होतं तरी रडलो. त्यानं गिऱ्हाइकाला संध्याकाळी या म्हणून वाटेला लावलं. मग विचारलं, "काय बोलला होता तुहा भाऊ?"

हे मला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं आणि काही येईना. ज्या चार मिनिटांसाठी मी एका भल्या माणसाला चोर ठरवलं, त्यातलं एक वाक्य मला आठवत नव्हतं. फक्त सुरुवात आठवत होती, आणि दादा 'अबे'मधलं 'बे' कसं लांबवायचा ते.

त्यानं खणातून एक कोरी कॅसेट काढली, टेपमध्ये घातली आणि रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली. "जेवढं आठवते तेवढं बोल."

"अबे लायन्या," मी म्हणालो, दादासारखंच. पुढं काही नाही. टेप फिरत राहिली, बाहेर ऑटोंचे हॉर्न वाजत होते, तेही त्यात गेले असणार. त्यानं घाई केली नाही. बऱ्याच वेळानं बटण दाबून कॅसेट काढली, पेचकसानं पाठीवरचे दोन्ही तुकडे तोडले आणि ती माझ्या शर्टाच्या खिशात घातली.

"घरी चिकटपट्टी हाय का?" त्यानं विचारलं.

"आहे."

"फेकून दे," तो म्हणाला, आणि चष्मा खाली ओढून रेडिओकडे वळला.