थांबाकाकांनी एकदाच केलेली घाई

माझ्या लेकीच्या सासऱ्यांना अबुधाबीतली सगळी मराठी मंडळी थांबाकाका म्हणत. लिफ्टचं दार उघडलं की हे म्हणत, "थांबा, आधी आतल्यांना बाहेर येऊ द्या." चहा ओतायला घेतला की, "थांबा, भुकटी खाली बसू द्या." रुवैस गावच्या तेल रिफायनरीत त्यांचा जन्म गेला. तिथे घाई केली तर माणसं जळतात, असं ते सांगत. घरात कोणी जळत नव्हतं, पण सवय सुटली नाही.

मी लेकीकडे राहते हे काही लोकांना खटकतं. त्यांना कधी खटकलं नाही. मी आले त्या दिवशी म्हणाले, "विहीणबाई, बॅग उघडा. पाहुण्यासारखी दाराशी ठेवू नका." गोड बोलणं त्यांना एवढंच यायचं.

त्यांची बायको सुमनताई त्यांच्या अगदी उलट. पटपट बोलायची, पटपट चिडायची. तिला पोटाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी फार आशा नाही असं सांगितलं, तेव्हा तिने एकच मागितलं. मिर्फाला समुद्राकाठी दोन रात्री राहायचं. रुवैसला असताना दोघं तिथे जात, पण रात्र कधी काढली नव्हती. "सकाळी उठून दार उघडलं की समोर पाणी पाहिजे. हॉटेल नको, तिथला चहा मला आवडत नाही."

थांबाकाकांनी जुनी घरगाडी घेतली. आत बिछाना, शेगडी, मोरी, सगळं होतं. फ्रिज मात्र गॅसवर चालणारा. इथल्या उन्हापुढे त्याचं काही चालेना, दुपारी ठेवलेलं दूध संध्याकाळी नासलेलं असे. सुमनताईची इंजेक्शनं तर थंडच ठेवावी लागत. बर्फाच्या डब्यात नेऊ म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, गोठली तर वाया जातील. म्हणून त्यांनी घरात असतो तसा विजेवरचा फ्रिज बसवायचं ठरवलं. त्यासाठी जादा बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरही घेतला.

मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये तो नेमका गुढीपाडव्याला बसवला. सुमनताई हट्टाने आली, हळदकुंकू घेऊन. मी तिला धरून उभी. गाडीचं दार अरुंद होतं. शेवटी खिडकीची काच काढून वर्कशॉपच्या माणसांनी फ्रिज आडवा करून आत घेतला आणि उभा केला. "यल्ला काका, खलास, काम झालं!" म्हणत ती माणसं घाम पुसायला गेली. सुमनताईने फ्रिजच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

"आता लाव."

"थांब. आडवा केला की आतलं तेल नळ्यांत जातं. रात्रभर उभा राहू दे, खाली उतरेल. सकाळी लावू."

"सकाळी पाडवा असणार आहे का?"

"यंत्राला पाडवा कळत नाही, सुमन."

"मला कळतो. पाडव्याची वस्तू पाडव्यालाच चालू करायची. पुढचा पाडवा मला मिळायचा नाही."

त्यांनी बटण दाबलं.

फ्रिज गुरगुरला. मग आत ठकठक सुरू झाली. संध्याकाळपर्यंत तो गप्प झाला, आतलं पाणी कोमटच. कॉम्प्रेसर गेला होता. दुसरा यायला वेळ लागणार होता, आणि सुमनताईकडे तेवढा वेळ नव्हता. तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं.

"कंपनीचा पीसच खराब निघाला," त्यांनी तिला सांगितलं.

"जन्मभर रिफायनरी सांभाळली म्हणे! एक फ्रिज धड निवडता आला नाही."

"नाही आला," ते म्हणाले.

माझी लेकही बोलली. "बाबा, घेण्याआधी रिव्ह्यू तरी वाचायचे! आईंनी एकच गोष्ट मागितली होती." सुमनताई हॉस्पिटलातच गेली, मिर्फा राहिलं ते राहिलं.

तेरावं झाल्यावर मी गवार मोडत बसले होते. ते समोर येऊन बसले. मी सरळ विचारलं, "पीस खराब होता का हो?"

"पीस चांगला होता. मी थांबलो नाही."

"मग तिला खरं सांगायचं होतं."

"काय सांगू, विहीणबाई? तुझ्या मुहूर्ताने तुझा समुद्र घालवला, असं? माझ्यावर चिडून गेली ते बरं. स्वतःवर चिडून गेली असती तर मला जगता आलं नसतं." मग म्हणाले, "सूनबाईला सांगू नका. ती आईंची आठवण काढते, त्यात हे नको."

मला चटकन रडू येत नाही. मी गवार मोडत राहिले.

नंतर त्यांनी नवा कॉम्प्रेसर बसवून घेतला. फ्रिज उत्तम चालू लागला. मग गाडी विकली.

गेल्या थंडीत तेही गेले. लेकीने त्यांचं सगळं नीट केलं, पण फ्रिजचा विषय निघाला की अजून म्हणते, "बाबांच्या हलगर्जीपणामुळे आईंची इच्छा राहिली." मी ऐकून घेते. हे छापून आलं तर ती वाचेल, आणि बोललेलं मागे घेता येत नाही म्हणून तिला वाईट वाटेल. वाटू दे. त्यांना मात्र ते बोल मागे घ्यायला नकोच होते. ते त्यांनी स्वतः मागून घेतले होते.